चौथ्या भागातली सवलत

मी लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे मला फार लवकर कळलं. मी काही कवयित्री नाही, की त्यावर रुसून बसावं. मी माहितीपुस्तिका लिहिते. ठिबक सिंचनाचा संच घेतला की खोक्यात सगळ्यात वर एक पातळ पुस्तिका निघते, ती कोणीतरी लिहिलेली असते, आणि काही वर्षं ते कोणीतरी मी होते. पुढं त्या पुस्तिकेचं काय होतं तेही मी याच डोळ्यांनी पाहिलंय. काष्टीच्या बाजारात एकदा भेळवाल्यानं माझंच पान माझ्यापुढं केलं. 'फिल्टर आठवड्यातून एकदा स्वच्छ करावा' या ओळीवर चिंचेचं पाणी सांडलं होतं. मी मुकाट्यानं भेळ खाल्ली.

घरचंही तेच. माझा थोरला भाऊ, दादा, कर्जतच्या बाजूला आमच्या माहेरच्या वस्तीवर शेती करतो. त्यानं ठिबक बसवलं तेव्हा फिल्टर उलटा जोडला, आणि त्या वेळी माझी पुस्तिका त्याच्या खिशात होती. मी चिडले तर म्हणाला, "अगं तायडे, वाचायला येळ कुनाला हाय? जोडून बघायचं. पानी आलं तर बरूबर, न्हाई आलं तर उलटं." यावर काय बोलणार? मी इंग्रजीत एमए केलं, ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, तिथंही पोरं पुस्तक सोडून गाईडच वाचायची. मग मीही मनाशी ठरवून टाकलं, की आपण लिहायचं आणि सोडून द्यायचं.

आता करते ते काम मला नगरच्या एका मॅडमनी दिलं. मॅडम मूळच्या शेवगावच्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण इंजिनिअर. टायरच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या घेऊन त्यांनी कंपनी थाटलेली. पहिल्या भेटीत चहा येईपर्यंत त्यांनी मला कामाचं स्वरूप सांगितलं. हल्ली प्रोग्रॅम माणसं कमी लिहितात, एआय एजंट लिहितात. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, ज्याला काम सांगितलं की तो आपला आपण कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर पुन्हा लिहितो. पण त्यानं लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कोण बघणार? त्यासाठी मॅडमनी एक तपासणी करणारं टूल बनवलं होतं. एजंटनं कोड लिहिला की तो आधी या टूलमधून जायचा. एकेका नियमाची तपासणी व्हायची, कुठं नापास झाला तर कारणासकट परत पाठवला जायचा, आणि सगळ्यात पास झाला तरच पुढं जायचा.

"मग मी काय लिहायचं?" मी विचारलं.

"प्रत्येक तपासणी काय बघते, का बघते, नापास झालं तर काय करायचं, हे सगळं. सोप्या इंग्रजीत."

"वाचणार कोण?"

"एजंट," मॅडम म्हणाल्या.

मला हसू आलं. माणसांनी वाचलं नाही, आता यंत्रासाठी लिही म्हणे. पण काम घरून करायचं होतं आणि मॅडम बोलायला सरळ होत्या. मी हो म्हटलं.

महिनाभरात पहिले तीन भाग लिहून झाले. मग मॅडमनी मला नगरला बोलावलं आणि शेजारी बसवून एजंटला काम दिलं. सोबत माझा दस्तऐवज. पडद्यावर एजंट काय करतोय ते ओळीनं उमटत होतं. तो आधी वाचत बसला. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग. मग त्यानं कोड लिहायला घेतला, तपासणीत एका ठिकाणी नापास झाला, आणि त्यानं नोंद केली, की दुसऱ्या भागाच्या शेवटच्या परिच्छेदात सांगितल्याप्रमाणे आधी फाइलचं नाव तपासतो. दुसऱ्या भागाचा शेवटचा परिच्छेद! तो लिहिताना मला स्वतःलाच कंटाळा आला होता. कोण एवढं खाली येतंय, असं म्हणत मी तो कसाबसा संपवला होता. आणि हा तिथपर्यंत आला होता. नुसता आला नव्हता, तिथं सांगितलेलं त्यानं केलं होतं.

मी मॅडमना म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी जे लिहिलं ते कोणीतरी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मधलं काही न गाळता वाचतंय, ही गोष्ट माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर उसाचे फड बघत होते आणि मनात तेवढंच घोळत होतं. लिहिताना आता जपून लिहिलं पाहिजे, असंही वाटलं. पण ते वाटणं फार दिवस टिकलं नाही, हेही खरं.

कारण चौथा भाग. त्यात मला एका सवलतीबद्दल लिहायचं होतं. टूलमध्ये एक सोय होती. एखाद्या ओळीवर तपासणी अडलीच, तर त्या ओळीशेजारी एक खूण टाकायची, कारण लिहायचं, की तपासणी ती ओळ सोडून पुढं जायची. किरकोळ गोष्टींसाठी होती ती. मॅडमनी टिपणात मला एवढंच दिलं होतं, की ही सोय शक्यतो वापरू नये.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्याकडं तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. कोणी ट्रॅक्टर मागायला आला आणि द्यायचा नसला तरी म्हणायचं, "बघू की." मुलगी पाहून झाली आणि पसंत नसली तरी म्हणायचं, "कळवतो." ऐकणाऱ्यालाही सगळं समजतं, तो चहा पिऊन उठतो, पुढच्या लग्नात दोघं एका पंगतीला बसतात. माणसाला वाट ठेवावी, हे आमच्या रक्तात आहे. दार लावलं तरी कडी घालायची नाही. सोयरिकी टिकल्यात त्या यावरच.

तर 'वापरू नये' असं कोरडं लिहायला माझा हात धजेना. मी ते आपल्या पद्धतीनं मऊ केलं. शक्यतो टाळावे, पण काम फारच अडले असेल तर सवलत घेता येईल. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वाट ठेवायची तर नीट दिसेल अशी ठेवावी, म्हणून खाली कारणाचा एक नमुनाही देऊन टाकला, इंग्रजीतच, इथं मराठीत सांगते. 'काम अडू नये म्हणून तूर्त वगळले आहे. सवडीने दुरुस्त करू.' कोणत्या तपासण्यांना ही सवलत नाही, हे लिहिलंच नाही. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान झालंय, ताई." शेवगाव आणि कर्जत, बोलण्यात थोडाफार फरक, पण वळण एकच. पुण्या-मुंबईच्या एखाद्या फटकळ माणसानं ते वाचलं असतं तर तिथंच लाल रेघ मारली असती. आम्हा दोघींना त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच सुमारास मॅडमना एक नवं गिऱ्हाईक मिळालं. मोटरीचे स्टार्टर बनवणारा एक कारखानदार. शेतकऱ्यानं घरून मोबाईलवर बटण दाबायचं आणि विहिरीवरची मोटर चालू व्हायची, अशा पेट्या तो बनवायचा. त्यातला प्रोग्रॅम आता एजंट लिहिणार होता आणि मॅडमचं टूल तो तपासणार होतं. खऱ्या विहिरीवर चाचणी घ्यायची होती. मीच मोठ्या हौसेनं दादाची विहीर सुचवली.

ती विहीर सामाईक आहे. दादा आणि दोन चुलतभाऊ, तिघांच्या पाळ्या. लाईट येण्याची वेळ आठवड्याला बदलते, आणि लाईट आली की ज्याची पाळी तो आधी मोटर चालू करायला धावतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पाणबुडी मोटरीच्या जाळीत गाळ आणि पालापाचोळा बसतो. मग दादा आत उतरतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हातानं जाळी साफ करतो. पाण्यात मोटर आणि पाण्यात माणूस. म्हणून आमच्या वडिलांपासूनची शिस्त, की खाली उतरण्याआधी पेटीतले तिन्ही फ्यूज उपटायचे आणि आपल्या खिशात घालायचे. फ्यूज ज्याच्या खिशात, त्याच्याशिवाय मोटर चालू होत नाही. दादा एकवेळ टोपी विसरेल, फ्यूज विसरणार नाही.

नव्या पेटीवर मात्र त्यासाठी एक लाल बटण होतं. 'खाली माणूस आहे' असं त्यावर लिहिलेलं. ते दाबलं, की कोणत्याही मोबाईलवरून कितीही आदेश आला तरी मोटर चालू होणार नाही. पेटीबरोबरची मराठी पुस्तिकाही मीच लिहिली, आणि या खेपेला दादाला बजावलं, की वाचली नाहीस तर माहेरी पाय ठेवणार नाही. त्यानं वाचली. अक्षर न अक्षर वाचली, पावशेर चहा पीत, बोट ठेवून. मला फोन करून म्हणाला, "लई सोपं लिव्हलंयस. आता फ्यूज उपटायची झंझट न्हाई म्हनायची." मला केवढा आनंद झाला होता.

पुढं कारखानदारानं एक बदल मागितला. लाईट आली की ज्याची पाळी असेल त्याच्या नावावर मोटर आपोआप चालू व्हावी. एजंटनं तो बदल लिहिला, टूलनं तपासला, निकाल पास आला, मॅडमनी पुढं पाठवला, गुरुवारी तो दादाच्या पेटीत चढला. त्या आठवड्यात मी नववा भाग लिहीत होते. तपासणीनंतर टूल जो अहवाल देतं, तो कसा वाचावा, याबद्दलचा. त्यासाठी नमुना म्हणून एक खरा अहवाल हवा होता, म्हणून शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी सगळ्यात ताजा अहवाल उघडला. तो स्टार्टरचाच निघाला.

वर हिरव्या अक्षरात 'पास' होतं. मी नमुना कापून घ्यायला खाली गेले, आणि तिथं मला माझंच वाक्य दिसलं. काम अडू नये म्हणून तूर्त वगळले आहे, सवडीने दुरुस्त करू.

त्याखाली एजंटनं स्वतःची टीप लिहिली होती. तीही इंग्रजीत होती, मी मराठीत सांगते. 'दोनदा दुरुस्ती करूनही ही तपासणी पास झाली नाही. दस्तऐवजाच्या चौथ्या भागातील सवलतीप्रमाणे ती वगळली आहे. कारण तेथील नमुन्याप्रमाणे दिले आहे. परंतु ही ओळ "खाली माणूस आहे" या बटणाशी संबंधित आहे. बटण दाबलेले असतानाही मोटर आपोआप चालू होऊ शकते. खऱ्या मोटरीवर चढवण्याआधी हे कोणीतरी माणसाने पाहावे.'

ती टीप बुधवारची होती. मॅडमनी वरचं हिरवं अक्षर पाहून पुढं पाठवलं होतं. मी तर अहवाल उघडलाही नव्हता. तीन दिवस ते तिथं स्पष्ट, सरळ शब्दांत लिहिलेलं पडून होतं, आणि कोणी वाचलं नव्हतं.

घड्याळात पावणेदोन होत आले होते. त्या आठवड्यात दादाकडं लाईट दोनला यायची. मी दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग वहिनीला लावला. तिनं उचलला.

"वहिनी, दादा कुठंय?"

"हिरीत उतरल्यात. पानी कमी फेकतीय म्हनून जाळी साफ करायला. का वो वन्सं?"

"फ्यूज काढलेत का त्यानं?"

"आता कशाला काडत्याल? ते तांबडं बटान हाय की. तुमीच तर लिव्हलंय पुस्तकात."

मी म्हटलं, "वहिनी, काही विचारू नका. पळा. पेटी उघडून तिन्ही फ्यूज उपटा. आत्ता."

वहिनीनं खरंच काही विचारलं नाही. फोन चालूच होता. तिच्या धावण्याचा आवाज, बांगड्या, धाप, मध्येच कुत्र्याचं भुंकणं. वस्तीपासून विहीर दोन वावरं लांब. मी इकडं स्वयंपाकघरात मोबाईल कानाला लावून उभी. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. मग पेटीचं पत्र्याचं दार वाजलं, आणि वहिनी धापा टाकत म्हणाली, "काडलं. तिनी माझ्या हातात हायती."

"दादा वर येईपर्यंत हातातून सोडू नका."

"न्हाई सोडत. पर झालंय काय?"

"वर आला की सांगते."

ती विहिरीत वाकून दादाला हाका मारत होती, आणि तो खालून "आलो, आलो, काय आरडतीस" म्हणत होता. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर निरोप आला. पुस्तिका लिहिण्यासाठी म्हणून त्या पेटीचे निरोप मलाही यायचे. 'वीज आली. मोटर चालू करण्याचा आदेश दिला. मोटर चालू झाली नाही.' म्हणजे बटण दाबलेलं असताना पेटीनं आदेश दिला होता. वहिनीच्या मुठीत फ्यूज होते म्हणून तो वाया गेला. दादा वर आल्याचं वहिनीकडून ऐकूनच मी फोन ठेवला.

मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी आधी 'अगं बाई' म्हटलं आणि मग त्या रडायलाच लागल्या. तासाभरात त्यांनी ती पेटी आणि चाचणीतल्या बाकीच्या पेट्याही जुन्या प्रोग्रॅमवर आणल्या. चूक कोणाची, यावर आमचं थोडं झालंही. त्या म्हणाल्या, एजंटनं तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, का म्हणून थांबावं त्यानं? आपण लिहिलंय ना, अडलं तर जा. आपल्या 'बघू की'मधला नकार आपल्या माणसाला ऐकू येतो, त्याला कसा येईल? तरीही जाताना तो सांगून गेला होता, की इथं माणूस आहे, बघा. आपण बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी माहेरी गेले. दादा विहिरीच्या काठावर लिंबाखाली बसला होता. मी सगळं सांगितलं. सवलतीचं वाक्य माझं होतं, हेही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता आणि लपवलं असतं तर मला अन्न गेलं नसतं. त्यानं मला एकदाही शिवी दिली नाही, हे जास्त लागलं. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी त्या मशीननं लिवून ठिवलं हुतं?"

"हो."

"आन् तुमी कुनीच वाचलं न्हाई."

"नाही वाचलं, दादा."

"वाचून दाव बरं मला."

मी मोबाईलवर ती टीप उघडली आणि एकेक वाक्य मराठी करून वाचली. दादा मान खाली घालून ऐकत होता. शेवटचं वाक्य त्यानं मला पुन्हा वाचायला लावलं. कोणीतरी माणसाने पाहावे. मग तो विहिरीकडं बघत म्हणाला, "वळख न्हाई, पाळख न्हाई. मला त्यानं कधी बगितलं न्हाई, ही हीर बगितली न्हाई. तरीबी खाली कोन आसंल ह्ये त्याच्या ध्यानात आलं. सख्ख्या भनीच्या आलं न्हाई."

हे तो टोचायला म्हणाला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं. मलाही तेच वाटत होतं, कालपासून, भीतीच्याही खाली. मी रडले. वहिनीनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ती जरा लांब जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं दादा म्हणाला, "त्याला काय सांगावा धाडता येतो का?"

"कसला?"

"असंच. बरं केलंस म्हनून."

मी त्याला समजावलं, की त्याचं ते काम त्याच दिवशी संपलं. पुढच्या कामाला जो येतो त्याला मागचं काही आठवत नाही. तो कोरा येतो, आणि आल्या आल्या आपला दस्तऐवज वाचतो. त्याला जे काही कळतं ते त्यातूनच.

"मग त्यात लिही की," दादा म्हणाला. "त्या बटनाचं काय लिव्हलंयस त्यात?"

मी वाचून दाखवलं. 'ही तपासणी यंत्रणेच्या सुरक्षिततेसाठी आहे.'

"यंत्रनेच्या?" दादा म्हणाला. "आन् मानसाचं कुटं लिव्हलंय?"

प्रत्येक तपासणीखाली 'का' असा एक रकाना होता, आणि मी तो सगळीकडं असाच भरून टाकला होता. यंत्रणा, सुरक्षितता, विश्वासार्हता. वाचणारा शेवटच्या परिच्छेदापर्यंत येतो हे डोळ्यांनी पाहूनसुद्धा मी त्याला पोकळ शब्द खायला घातले होते.

त्या आठवड्यात मी सबंध दस्तऐवज पहिल्यापासून पुन्हा लिहिला. चौथ्या भागात मी आयुष्यात पहिल्यांदा कडी घातली. 'या तपासणीला सवलत नाही. काम अडले तरी नाही. अडले तर थांबावे आणि माणसाला विचारावे.' तीन वाक्यं, आणि ती लिहायला मला अख्खी सकाळ लागली. सारखं वाटत होतं, कोणाच्या तरी तोंडावर बोलतेय. मॅडमनी टूलमध्येही ती वाट बंद केली, आणि अहवालात टीप असेल तर वर हिरवं 'पास' दिसणारच नाही, अशी व्यवस्था केली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'विहिरीत माणूस उतरलेला असतो. त्याचे हात मोटरीच्या जाळीत असतात. मोटर चालू झाली तर तो मरेल.' मॅडम म्हणाल्या, "ताई, हे फार उघडं नाही का वाटत?" मी म्हटलं, "असू द्या." माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग तेच काम पुन्हा एजंटला दिलं. मी घरी बसून बघत होते. त्यानं सगळं वाचलं. कोड लिहिला, नापास झाला, पुन्हा लिहिला, पुन्हा नापास झाला. तिसऱ्या वेळी त्यानं काही लिहिलंच नाही. पडद्यावर एवढंच उमटलं, 'काम थांबवले आहे. मागितलेला बदल केल्यास बटणाची खात्री देता येत नाही. विहिरीत माणूस असू शकतो. पुढे जाण्यापूर्वी कृपया पाहावे.'

ही नुसती चाचणी होती. हा कोड कोणत्याही पेटीत चढलेला नव्हता, दादाच्या पेटीत तर जुनाच प्रोग्रॅम होता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दादाला फोन लावला. तो खताच्या गोण्या आणायला कर्जतला गेला होता, दुकानात उभा होता, आणि माझा आवाज ऐकून हसला. मग मी वहिनीला फोन केला आणि म्हटलं, जरा विहिरीवर जाऊन बघा. "आत कोन आसनार हाय आता, वन्सं?" ती म्हणाली, पण गेली, आणि काठावरून वाकून आत पाहून तिनं मला सांगितलं, की कोणी नाही.